बोरघाटातील वाहनांचे तेल : ओंगणापासून स्वयंचलित गीअरपेटीपर्यंत

वाहनांचा इतिहास लिहिताना चाक, आस, इंजिन आणि रस्ता यांचा विचार होतो; या सर्वांना चालते ठेवणाऱ्या तेलाचा क्वचितच होतो. कोकणातून मावळात चढणाऱ्या बोरघाटापुरते पाहिले तर हे दुर्लक्ष विशेष खटकते. घाटाच्या चढाने प्रत्येक काळातील वाहनाची परीक्षा घेतली आणि तिचे पहिले चिन्ह बहुधा तेलातच उमटले. तथापि, तेल गळणे या एकाच घटनेचा अर्थ गेल्या दोनशे वर्षांत पूर्णपणे पालटला आहे. बैलगाडीच्या काळी तेल गळणे स्वाभाविक होते; स्वयंचलित गीअरपेटीच्या काळात तीच गळती यंत्राचा घात करू शकते. या पालटाबरोबर वाहनधारकाने घरी काय दुरुस्त करावे याची मर्यादाही सरकत गेली.

बोरघाटातून पूर्वी मालाची ने-आण मुख्यतः लमाणांच्या पाठाळी बैलांवर होत असे. १० नोव्हेंबर १८३० रोजी सर जॉन माल्कम याने गाडीरस्ता खुला केल्यावर चाकाची वाहतूक वाढली आणि चाकाबरोबर ओंगणही आले. आस आणि तुंबा यांच्यामध्ये एरंडेलासारखे दाट तेल घालावयाचे, लागल्यास तेलात भिजविलेल्या चिंध्या भरावयाच्या, हे काम गाडीवान स्वतः करी. घातलेले तेल काही कोसांत बाहेर पडणार हे गृहीतच होते. किंबहुना, चाक कोरडे पडून कुरकुरू लागले की ओंगण संपले असे समजावयाचे. या व्यवस्थेत गळती नावाचा दोष संभवतच नव्हता, आणि दुरुस्ती म्हणजे पुन्हा तेल घालणे.

२१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील लोहमार्ग सुरू झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढणारा आणि काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट असा चढ असणारा हा मार्ग अभियांत्रिकीच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. येथे त्याचा उल्लेख एवढ्यापुरताच की त्यावरील डब्यांच्या आसपेट्याही तेलाने भिजविलेल्या सुताच्या गुंड्यांवर चालत. पद्धत बैलगाडीचीच होती. बदलले होते ते माणूस. तेल घालणारा आता गाडीचा धनी नसून रेल्वेचा पगारी नोकर होता.

मोटारीने प्रथम तेल कोंडून ठेवण्याचा प्रयत्न केला. चढावर इंजिनाचा वेग आणि चाकाचा जोर यांचा मेळ घालण्यासाठी दंतचक्रांची पेटी आली आणि ती चक्रे घट्ट तेलात बुडविली गेली. पण आरंभीच्या पेट्यांतून आस जेथे बाहेर पडे तेथे नमदा किंवा चामडे यांचेच बंधन असे, आणि ते झिरपत असे. १९३० नंतर कृत्रिम रबराची सीले प्रचारात येऊ लागली तेव्हा ही झिरप आटोक्यात आली. तरीही हाताने गीअर बदलणाऱ्या गाडीस थोडी गळती सहन होते. पेटीतील तेल केवळ वंगण असते. ते काहीसे कमी झाले तरी चक्रे एकमेकांत अडकलेलीच राहतात आणि गाडी घाट चढते. अधूनमधून भर घालून वर्षानुवर्षे गाडी चालविणारे मालक या काळातील आहेत, आणि त्यांचा आत्मविश्वास निराधार नव्हता.

स्वयंचलित गीअरपेटीने मात्र तेलाचे कार्यच बदलले. तिचे बीज जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याच्या १९०५ च्या एकस्वात आहे. जहाजावरील वेगवान वाफटर्बाइन आणि मंद फिरणारा पंखा यांचा मेळ दंतचक्रांऐवजी द्रवाने घालावा, ही त्याची कल्पना. मावळच्या वाचकास तिचे तत्त्व खोपोलीच्या उदाहरणाने सहज समजेल. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील पाणी ५०० मीटरांहून अधिक खाली आणून १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रात चाके फिरू लागली. तेथेही शक्ती वाहून नेतो तो द्रवच. फरक एवढाच की खोपोलीचे पाणी काम करून पाताळगंगेस मिळते. गीअरपेटीतील तेलाला तशी मोकळीक नाही. इंजिनाने फिरणारा पंप ते टर्बाइनवर फेकतो, मधले स्थिर चक्र त्याची दिशा वळविते आणि ते पुन्हा पंपाकडे येते. तेच तेल दाबाने आतले क्लच आवळते, तेच उष्णता बाहेर नेते आणि वंगणाचे कामही करते. असे तेल गळाले म्हणजे वाहनाची शक्तीच गळाली.

जनरल मोटर्सने १९३९ साली पुढील वर्षाच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक ही पेटी बाजारात आणली, १९४९ मध्ये टाइप ए या नावाने तेलाचे मान ठरविले आणि १९६७ मध्ये डेक्स्रॉन आणले. क्लचची पकड गुळगुळीत राहावी म्हणून या तेलांत दीर्घकाळ स्पर्म देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० नंतरच्या अमेरिकन निर्बंधांमुळे त्याची जागा रसायनांना घ्यावी लागली. इंजिनतेलाहून वेगळे ओळखू यावे म्हणून तेलास तांबडा रंग देण्याची प्रथा पडली, आणि घरगुती परीक्षेस तिच्याइतकी उपकारक गोष्ट दुसरी नाही. याच कंपनीचा शिवडीचा जोडणी-कारखाना १९२८ पासून चालू होता, पण १९५४ मध्ये तो बंद झाला. पुढे अनेक वर्षे भारतीय रस्त्यांवर फियाट व ॲम्बॅसडर या हाती गीअरांच्या गाड्यांचेच राज्य राहिले. त्यामुळे मावळातील कारागिरांची पिढी दंतचक्रांवर तयार झाली, द्रवाच्या दाबावर नव्हे. मावळातच तळेगाव दाभाडे येथे जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू होऊन २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

घाटात या पेटीवर ताण येतो तो वेगाने नव्हे, मंदपणाने. मालमोटारींच्या मागे रांगत चढताना पंप आणि टर्बाइन यांच्या वेगांत अंतर पडते. जी शक्ती चाकांपर्यंत पोचत नाही ती तेलात उष्णता होऊन राहते. हे वारंवार घडले की सीलाचे रबर कठीण होते. मावळच्या पावसाने चेंबरचा पत्रा व शीतकाकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या गंजतात त्या वेगळ्याच. मग लोणावळ्याच्या बंगल्यापुढे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी शहाबादी फरशीवर तांबडा डाग दिसतो. पावसाळ्यात तोही धुऊन जातो. अशा वेळी आडोशाला गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरणे हीच खरी तपासणी. स्वच्छ पाणी असेल तर ते वातानुकूलनाचे. काळे-तपकिरी असेल तर बहुधा इंजिनतेल. मात्र जुने तांबडे तेलही जळून तपकिरी होते, हे विसरता कामा नये.

थेंब जेथे पडतो तेथेच गळती असते असे नाही. वाऱ्याने तेल मागे आणि वजनाने खाली जाते. म्हणून तळ पुसून, थोडे अंतर चालवून, सर्वांत वरचे व पुढचे ओले ठिकाण शोधावे लागते. चेंबरचे गॅसकेट, निचऱ्याचा बोल्ट, नळीचा जोड, एवढे घरच्या आवाक्यातील. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता सपाट जागी भक्कम घोड्यांवर घेणे आणि तेल निवू देणे या पूर्वअटी. गळती दिसली की बोल्ट जोराने आवळावेत ही समजूत दंतचक्रांच्या काळातील असून येथे ती हानिकारक ठरते. पातळ पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. बोल्ट आलटून-पालटून, निर्मात्याने सांगितलेल्या जोरानेच बसवावयाचे. पातळी पाहावयाची ती बहुतेक गाड्यांत तेल तापलेले व इंजिन चालू असताना. कमी पडल्यास पंप हवा ओढतो, जास्त झाल्यास तेल फेसाळते. परिणाम दोन्हीकडे सारखाच : दाब ढासळतो. इंजिन आणि पेटी यांच्या सांध्यातून तेल येत असेल तर पंपाचे पुढचे सील गेलेले असण्याचा संभव मोठा, आणि ते बदलण्यासाठी सगळी पेटी उतरवावी लागते. सील फुगविणारी औषधे तेलात ओतून हे काम टाळता येते, असा दावा केला जातो. कठीण झालेले रबर त्यांनी काही काळ नरम होते, फाटलेले जुळत नाही.

अलीकडच्या कित्येक पेट्यांना डिपस्टिकच नसते. ठरावीक तापमानाला बाजूचा बोल्ट उघडून तेल वाहते की नाही ते पाहावे लागते. याउलट, २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर भारतात आलेल्या स्वस्त स्वयंचलित गाड्यांत आत साधी दंतचक्रे आणि साधा क्लचच आहे. तो दाबण्याचे व गीअर बदलण्याचे काम तेवढे एक लहान द्रवयंत्र करते. अशा गाडीच्या गीअरपेटीत साधे गीअरतेल असते आणि द्रवयंत्राचे तेल निराळे; चालकाच्या पायाखाली मात्र दोन्ही प्रकारांत पट्ट्या दोनच. म्हणून डाग पुसण्यापूर्वी गाडीची पुस्तिका उघडून पेटी कोणत्या जातीची आहे ते पाहावे लागते.