कलनस्वुड हाउसमधील शाळा

डब्लिनच्या रॅनेला भागातील कलनस्वुड हाउस या वास्तूत पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ साली 'सेंट एन्डाज' ही शाळा काढली. ब्रिटिश राजवटीने १८३१ पासून चालविलेल्या राष्ट्रीय शाळांत आयरिश भाषेला दीर्घकाळ थारा नव्हता; येथे ती इंग्रजीच्या बरोबरीने शिक्षणाचे माध्यम झाली. बेल्जियममधील द्विभाषिक शाळा पिअर्स १९०५ मध्येच पाहून आले होते.

१९१० साली शाळा रॅथफार्नमला हलली आणि कर्जात रुतली. तिच्या मदतीसाठी १९१३ मध्ये ॲबी थिएटरात पिअर्स यांच्या आयरिश नाटिकेसोबत रवींद्रनाथांचे 'डाकघर' इंग्रजीतून सादर झाले. घरात कोंडलेला, खिडकीशी बसलेला अमल या शाळेच्या साहाय्यास यावा, याचे आम्हांला विशेष वाटते. मुलाचे मन कोंडणाऱ्या परकीय शिक्षणपद्धतीला पिअर्स 'खुनी यंत्र' म्हणत.

मात्र शाळेच्या दालनात कू हुलिन या अल्पायुषी, कीर्तिवंत वीराचे चित्र लावणारा हा शिक्षक मुलांपुढे नेमके काय ठेवीत होता, हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही. ईस्टर उठावानंतर, ३ मे १९१६ रोजी, पिअर्स आणि शाळेचे आरंभीचे सहशिक्षक टॉमस मॅकडोना यांना गोळ्या घालण्यात आल्या. शाळा कशीबशी १९३५ पर्यंत चालली. कलनस्वुड हाउसमध्ये पुढे 'लिस ना नोग' ही आयरिश माध्यमाची प्राथमिक शाळा भरू लागली.