घड्याळाच्या कोडात राहिलेली मुंबई

आजचा दस्तऐवज मोडीतला नाही आणि कुठल्या दप्तरखान्यातलाही नाही. त्याचं सार तुमच्या खिशात आहे. तुमच्या फोनला कुठल्या गावी किती वाजले हे कळतं, ते 'टाइम झोन डेटाबेस' नावाच्या काही साध्या मजकुराच्या फायलींमुळे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात हे काम सुरू केलं, पुढे पॉल एगर्ट यांनी संपादन सांभाळलं.

या फायलींत प्रत्येक वेळेला एक नाव आहे. आधी खंड, मग शहर. देशाचं नाव मुद्दाम टाळलंय, कारण सरहद्दी बदलतात आणि त्यावरून भांडणं होतात. मी बेंगळुरूत बनशंकरीला राहतो, तुम्ही सोलापूरला असाल नाहीतर इंदूरला. आपल्या सगळ्यांच्या वेळेचं नाव एकच, 'एशिया/कोलकाता'.

२००८ पर्यंत मात्र तिथे 'एशिया/कलकत्ता' होतं. शहराचं इंग्रजी नाव २००१ साली बदललं, कोडात ते पोचायला सात वर्षं लागली. आणि बदललं तेव्हाही जुनं नाव पुसलं नाही. 'बॅकवर्ड' नावाच्या फायलीत एक ओळ ठेवली: कलकत्ता म्हणाल तरी कोलकाताच समजा. नाहीतर जुनं नाव लिहून ठेवलेले असंख्य प्रोग्रॅम अडले असते. आपल्याला हे नवीन नाही. बनशंकरी हे मूळ बदामीजवळच्या देवीचं नाव. तिलाच शाकंभरी म्हणतात. ज्यांची ती कुलदेवी आहे, त्यांचा नमस्कार दोन्ही नावांनी पोचतो.

आता मुख्य मुद्दा. या फायलींत '#' या खुणेपुढे जे लिहिलेलं असतं त्याला कॉमेंट म्हणतात. संगणक ते वाचत नाही, माणसांनी वाचायचं. हा आकडा कुठून आला, कोणी कळवला, शंका कुठे आहे, हे सगळं तिथे नावानिशी आणि तारखेसह असतं. अगदी आपल्या बखरीतल्या टिपांसारखं.

मुंबईचं नाव या यादीत नाही. नियम असा, की १९७० नंतर ज्यांची वेळ वेगळी राहिली त्यांनाच सहसा स्वतंत्र नाव. मुंबईची वेळ त्याआधीच भारतीय प्रमाणवेळेत मिसळली होती. म्हणून मुंबई सापडते ती भारताच्या नोंदीवरच्या कॉमेंटमध्ये, आणि तिथे तिची गोष्ट १९०६ सालची आहे.

१ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली. ती 'बॉम्बे टाइम'पेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. गिरणीचं घड्याळ तेवढं पुढे सरकवलं की भोंगा सूर्याच्या हिशेबात ३९ मिनिटं आधी वाजणार, म्हणजे कामगाराची तेवढी झोप गेली. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगार बिथरले. घड्याळांचा हा झगडा पुढे जवळपास अर्धशतक चालला. कॉमेंटमध्ये हे काही ओळींत आहे. पण फोनसाठी फायलींचं रूपांतर होतं तेव्हा कॉमेंट गळून जातात. तुमच्या खिशात ५ तास ३० मिनिटं हा आकडा पोचतो, कामगार पोचत नाहीत.

म्हणून कॉमेंट सुधारताना जपायला हवं. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकानं बारा शहरांची इंग्रजी नावं बदलली. त्यात बेंगळुरू होतं, तसं बेळगावही. बेळगावचं 'बेळगावी' होणं मराठी माणसाला नुसता स्पेलिंगचा फरक वाटत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. अशा वेळी मोह होतो की सगळ्या कोडात जुनं नाव शोधावं आणि एका फटक्यात नवं टाकावं. वापरायच्या नावापुरतं ते ठीक, जुन्याची वाट उघडी ठेवून. कॉमेंटमध्ये तसं केलं तर 'बॉम्बे टाइम'चं 'मुंबई टाइम' होईल. मराठीत आपण शहराला मुंबईच म्हणत होतो, पण त्या काळच्या इंग्रजी कागदांत त्या वेळेचं नाव 'बॉम्बे टाइम' असं आहे. ते बदललं, तर उद्या शोधणाऱ्याला मूळ कागद सापडणार नाही.

तुमच्यापैकी कुणी कोड लिहीत असेल तर एवढं करा. नाव बदललं की कॉमेंटमध्ये नव्या नावाशेजारी जुनं नाव, बदलाची तारीख आणि आधार लिहा. जुनी टीप चुकीची ठरली तरी पुसू नका, खाली नवी जोडा. पुढचा इतिहासकार कदाचित तिथूनच सुरुवात करेल. भेटू पुढच्या भागात.