पालि वाङ्मयातील वादपद्धती आणि आजचा विद्यार्थी वक्ता

सांगलीजवळच्या विश्रामबाग येथील विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने ते स्थापन केले, तिच्याच पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून पालि भाषेचे अध्यापन केले होते. महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात पालिचा अभ्यास रुजला तो अशा प्रयत्नांतून. त्याच शिक्षणक्रमाच्या सोबतीने वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांची परंपराही वाढली. परंतु एकाच छताखाली वाढलेल्या या दोन विद्यांची परस्परांशी फारशी गाठ पडली नाही. पालिचा विद्यार्थी सुत्ते वाचतो ती व्याकरणासाठी. स्पर्धेतला विद्यार्थी आवाजाचे चढउतार, हातवारे आणि पाठ केलेली वाक्ये यांत गुंततो. वाद कसा करावा याचे एक संपूर्ण शास्त्र आपल्याच त्रिपिटकात आहे, याची दोघांनाही जाणीव नसते.

अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील कथावत्थु सुत्तात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांना सरळ एकच उत्तर द्यावे (एकंसब्याकरणीय), काहींचे विभाजन करून उत्तर द्यावे (विभज्जब्याकरणीय), काहींना प्रतिप्रश्न करावा (पटिपुच्छाब्याकरणीय) आणि काही बाजूला ठेवावेत (ठपनीय). कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा हे ज्याला ओळखता येत नाही, तो चर्चेस अपात्र होय. तथागत येथेच थांबत नाहीत. प्रतिपक्षाला दडपणारा, त्याची टर उडवणारा, त्याच्या बोलण्यातील किरकोळ चूक पकडून बसणारा मनुष्यही चर्चेस अयोग्य ठरवला आहे. म्हणजे तर्काचे ज्ञान आणि वादातील शील या दोहोंची अट एकाच सुत्तात आहे.

या पद्धतीचा प्रयोग मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात दिसतो. निगंठ नातपुत्ताने राजपुत्र अभयाला एक दुधारी प्रश्न शिकवून पाठवले. तथागत दुसऱ्यांना अप्रिय वाटेल असे बोलतात काय? होय म्हणावे, तर त्यांच्यात आणि सामान्य माणसात भेद उरत नाही. नाही म्हणावे, तर देवदत्ताविषयी ते कठोर का बोलले? भगवंतांनी दोन्ही शिंगे टाळली. याचे उत्तर एका बाजूने देता येत नाही, एवढे सांगून त्यांनी अभयाच्या मांडीवर असलेल्या तान्ह्या बाळाकडे लक्ष वेधले. बाळाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील, असे त्यांनी विचारले. रक्त आले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला बाळाची दया आहे, असे अभय म्हणाला. त्याच्याच उत्तरावर भगवंतांनी पुढची मांडणी उभी केली: वाणी सत्य आणि हितकर असावी, मग ती प्रिय असो वा अप्रिय, योग्य वेळ पाहून उच्चारावी. ऐकणाऱ्याच्या अनुभवातूनच प्रमाण काढणे हे मन वळवण्याचे मर्म आहे.

पुढील काळात ही पद्धती अधिक काटेकोर झाली. सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्र येथे भरलेल्या तिसऱ्या संगीतीत मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी कथावत्थु हा अभिधम्मग्रंथ सांगितला, अशी परंपरा आहे. त्याची आजची रचना टप्प्याटप्प्याने झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तेवीस वर्गांच्या या ग्रंथात दोनशेहून अधिक मतांची चर्चा असून प्रत्येक ठिकाणी परवादीला आपले म्हणणे मांडण्यास पूर्ण अवकाश दिला आहे. मिलिंदपञ्हात तर भदंत नागसेन चर्चेपूर्वीच राजाला विचारतात की वाद पंडितांच्या रीतीने करणार की राजांच्या? पंडित खंडन झाले तरी रागावत नाहीत; राजे विरोध करणाऱ्याला दंड देतात. मिलिंदाने पंडितांची रीत स्वीकारली, म्हणूनच तो संवाद घडू शकला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वक्तृत्वाचा विचार या परंपरेच्या प्रकाशात व्हावयास हवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतलेल्या या विद्यार्थ्याला वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. ज्याला बोलण्याचा अधिकारच समाजाने नाकारला होता, त्याने पुढे शब्दालाच साधन केले. पाकिस्तानवरील ग्रंथात त्यांनी आधी मुसलमानांची बाजू आणि नंतर हिंदूंची बाजू मांडली, मग स्वतःचे विवेचन केले. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत अध्यक्षांनी त्यांना अनपेक्षितपणे बोलावले. उद्दिष्टांच्या ठरावावर घाई करू नये, ही बॅ. जयकरांची सूचना सभागृहातील बहुमताला रुचलेली नव्हती. बाबासाहेबांनी प्रथम देशाच्या ऐक्यावरील आपला विश्वास स्पष्ट केला आणि मग प्रश्नच बदलला: असा ठराव करण्याचा अधिकार आहे की नाही हा मुद्दा नसून, तो आता करणे शहाणपणाचे आहे काय, हा मुद्दा आहे. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. केवळ एका भाषणाने हे घडले असे म्हणता येणार नाही. पण विरोधी सभागृहाने त्या दिवशी त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले, हे निर्विवाद. प्रश्नाचे विभाजन करून उत्तर देण्याच्या पद्धतीचे याहून चांगले उदाहरण आधुनिक काळात शोधावे लागेल.

१९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद होती आणि जानेवारी १९५० मध्ये बाबासाहेबांनी तिच्यासमोर हिंदू कोड बिलावर भाषण केले. १९५६ साली राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी त्यांनी मुंबईत प्रशिक्षण शाळाही काढली. वक्ते घडवावे लागतात, ही त्यांची धारणा यातून दिसते.

आज १४ एप्रिलला आपल्या वस्त्यांतून मुले-मुली तडफेने बोलतात. ती तडफ मोलाची आहे. परंतु टाळ्या आपल्याच माणसांच्या असतात. ज्याचे मन वळवायचे तो त्या मंडपात नसतो. महाविद्यालयात, नोकरीच्या मुलाखतीत, ग्रामसभेत त्यांची गाठ परवादीशी पडते, तेव्हा पाठ केलेले भाषण कामाला येत नाही. म्हणून प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास वादाभ्यासासाठी ठेवावा. विद्यार्थ्याने आधी विरुद्ध बाजू अशी मांडावी की विरोधकानेही ती मान्य करावी. प्रश्न चारपैकी कोणत्या प्रकारचा ते सांगावे. मगच उत्तर द्यावे. परीक्षकांनी गुण देताना अंगुत्तर निकायातील सुभाषित वाणीची पाच अंगे पाहावीत: ती वेळेवर, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रचित्ताने बोललेली आहे काय? सम्मा वाचा हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. ते केवळ वंदनेपुरते न राहता व्यासपीठावरही दिसले पाहिजे.