चांद्याच्या रानातली बोल्ट रायफल

बोल्टचा दांडा वर उचलून मागे ओढला की जुन्या माउझर रायफलीतून दोन आवाज येतात. एक सुटल्याचा, एक थांबल्याचा. पुढे ढकलून दांडा खाली दाबला की तिसरा. शंभर वर्षांनंतरही हे तिन्ही आवाज खणखणीत येत असले, तर हत्यार कुणीतरी जिवापाड जपलं आहे हे कळायला दुसरा पुरावा लागत नाही. मग नजर बाकीच्या खुणांकडे वळते. अक्रोडाच्या दस्त्यावर गाल टेकून टेकून लाकूड तुळतुळीत झालेलं असतं. नळीची निळी-काळी झाक, हाताने धरायच्या तेवढ्याच जागी उडालेली असते. नळीवर, चौकटीवर आणि बोल्टवर कोरलेले आकडे जुळतात का, हेही पाहिलं जातं, कारण ते जुळले तर सगळे भाग जन्मापासून एकत्र आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. जुनी माणसं अजूनही ‘चांदा’च म्हणतात. या मुलखात अशी रायफल आजोबाकडून नातवाला किंवा मामाकडून भाच्याला भेट मिळते, तेव्हा तिच्यासोबत एक अख्खं जंगल घरात येतं. ते जंगल ओळखल्याशिवाय त्या भेटीची किंमत कळत नाही.

आधी यंत्राबद्दल. पाउल माउझरची १८९८ ची रचना जर्मन सैन्यासाठी झाली, पण तिच्यावर शिकारीच जास्त भाळले. या रचनेतला पोलादी आकडा काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणी त्याची कड पकडतो आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे घाईत, वाकडंतिकडं धरून चालवलं तरी काडतूस सहसा अडकत नाही. झुडपात दडलेला घायाळ वाघ समोर असताना या एका आकड्यावर माणसाचा जीव तोललेला असे. जोडनळीची विलायती रायफल दुसरा बार क्षणात काढायची खरी, पण तिची किंमत राजेरजवाड्यांनाच परवडायची. बोल्ट रायफल तिच्या मानाने स्वस्त, नेमाला पक्की आणि पोटात चार-पाच काडतुसं बाळगणारी. लंडनच्या रिग्बी कंपनीने माउझरचे सांगाडे घेऊन देखण्या शिकारी रायफली बांधल्या आणि ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाला इंग्रजी थाटात ‘.२७५’ असं नाव दिलं.

भेट मिळालेली देशातली सर्वांत प्रसिद्ध रायफल याच जातीची. ४३६ माणसांचा जीव घेणारी चंपावतची वाघीण १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ रिग्बी दिली. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी बसवून तिच्यावर हा प्रसंग कोरला. ती रायफल आज पुन्हा रिग्बी कंपनीकडेच आहे.

चांद्याच्या शिकारीत मात्र ज्यांच्यावर सगळी भिस्त होती, त्यांची नावं कुठल्याच पट्टीवर कोरली गेली नाहीत. संध्याकाळी वाघाला आमिष म्हणून बोदा, म्हणजे म्हशीचं रेडकू, बांधला जायचा. पहाटे गावचा माग काढणारा गोंड किंवा माडिया जाऊन पाहायचा. गारा झाला असेल, म्हणजे वाघाने बोदा मारला असेल, तर जनावर कोणत्या नाल्याने गेलं आणि कुठल्या बांबूच्या बेटात झोपलं असेल, हे तोच सांगायचा. मग हाका. ढोल, डबे, आरोळ्या, आणि वाघाने बगल देऊ नये म्हणून दोन्ही अंगांच्या झाडांवर बसून खोडावर टकटक करणारी माणसं. मचाणावरचा साहेब पाचेक सेकंदांचं काम करायचा. बाकी सगळा दिवस रोजंदारीवरच्या हाकेकऱ्यांचा असे, आणि जखमी जनावर उलटलं तर पहिला घाव त्यांनाच बसे. जुन्या रायफलीचं कौतुक करताना हा हिशेब मनात ठेवायलाच हवा.

हत्यार कुणाच्या हाती द्यायचं, याबद्दल सरकारचं मन आधीपासूनच साशंक होतं. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी दिली गेली. वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा आला आणि बंदुकीला परवाना लागू लागला. मोजक्या मालगुजारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या भिंतीवर रायफल टांगली गेली, रानातल्या माणसाकडे तीरकामठा आणि ठासणीची भरमार उरली. लष्कराचं .३०३ काडतूस खासगी हाती पडू नये म्हणून त्या बोअरची रायफल नागरिकांना बंद. त्यातूनच ३१५ बोअर रुळला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात लष्करी ली-एनफिल्डच्याच धर्तीवर ही नागरी बोल्ट रायफल तयार होऊ लागली. ८ मिलिमीटरची म्हणूनही ती ओळखली जाते.

इंग्रजी अमलात मध्य प्रांताचं राखीव जंगल शिकारीसाठी ब्लॉकमध्ये वाटलेलं होतं. वनखात्याकडून परवाना घ्यायचा, ठरलेल्या मुदतीत ठरलेली जनावरं मारायची, वनविश्रामगृहात मुक्काम ठोकायचा. स्वातंत्र्यानंतरही हे थांबलं नाही, उलट त्याचा धंदा झाला. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी नागपुरात अल्विन कूपर ही कंपनी काढली होती. मध्य भारताच्या जंगलात परदेशी पाहुण्यांना शिकारीला आणि छायाचित्रणाला नेणं, हे तिचं काम.

ताडोबात शिकारीला १९३५ मध्येच बंदी झाली होती. १९५५ मध्ये तिथलं सुमारे ११६ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. वाघाची शिकार देशभर बंद व्हायला मात्र १९७० उजाडलं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेली दारं लावली. त्या दिवसापासून या घरांमधल्या रायफली भिंतीवरून उतरून कपाटात गेल्या. तोवर काय गेलं होतं, ते सिरोंचाच्या बाजूला दिसतं. कोलामार्काच्या जंगलात रानम्हशी टिकाव धरून आहेत, त्याही हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. एके काळी दक्षिण चांद्याच्या शिकाऱ्यांना हेच जनावर भुरळ घालायचं. गुरांच्या रोगांनी आणि तुटत्या जंगलाने त्यांना घेरलं, पण बंदुकीचा वाटा लहान नव्हता.

आज अशी रायफल वारशाने घ्यायची म्हणजे आधी कागदांची वाट चालावी लागते. परवानाधारक गेला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, वारसाने स्वतःचा परवाना काढायचा, मगच ती घरी येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. निवडणूक लागली की पुन्हा ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. जुन्या विलायती बोअरची काडतुसं मिळणं मुश्किल, त्यामुळे बहुतेक जण ती फक्त पुसतात. दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढायची, तेलाचा हलका हात फिरवायचा, पावसाळ्यात दर आठवड्याला गंज तपासायचा. कातडी पिशवीत मात्र ठेवायची नाही. चामडं ओल धरतं आणि पोलाद खातं.

गडचिरोलीत या बंदुकांचं दुसरंही आयुष्य आहे. नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर पोलीस जप्त हत्यारांची यादी देतात, तिच्यात एके-४७ आणि एसएलआरच्या खालोखाल ‘३०३ रायफल’, ‘८ एमएम रायफल’, ‘१२ बोअर’, ‘भरमार’ ही नावं येत राहतात. शिकारीच्या जमान्यातली सगळी शब्दसंपदा त्या एका यादीत सापडते. पोलिसांच्या आवाहनावरून अनेक गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या घरात असलेल्या भरमार बंदुका स्वाधीनही केल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्याच वडसा भागात ‘सीटी-१’ नावाचा वाघ पकडला गेला. त्याने १३ माणसं मारल्याची नोंद होती. कॉर्बेटच्या काळात अशा जनावराचा शेवट ठरलेला असे. इथे वनखात्याच्या पथकाने दिवसचे दिवस माग काढला, आणि शेवटी नेम धरला तेव्हा नळीतून गोळीऐवजी भुलीच्या औषधाची सुई सुटली. वाघ आडवा झाला, त्याला पिंजऱ्यात घातलं आणि गाडी नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्राकडे निघाली.