डावखुऱ्यांनी ठासणीची रायफल कशी निवडावी? आधी पाहा, आग कोणत्या बाजूला निघते!

डावखुऱ्या माणसाच्या हाती उजव्या हाताची कात्री आली, तर फार तर कापड वेडंवाकडं कापलं जातं. पण उजव्या हातासाठी बनवलेली ठासणीची बंदूक त्याने डाव्या खांद्याला लावली, तर दारू पेटते ती त्याच्या तोंडासमोर, वीत-दीड वीत अंतरावर.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. नळीत आधी दारू ओतायची, मग गोळी, आणि गजाने ठासायचं. आपल्याकडे कोकणातल्या शेतकऱ्यांना ही नवी नाही. पीक राखण्यासाठी अशा बंदुकीचा परवाना मिळू शकतो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात तिचा वेगळा उल्लेखही आहे. अमेरिकेत मात्र हा मोठा छंद आहे. तिथल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम असतो. नळीला आतून पीळदार आटे असतात म्हणून ती रायफल. आणि डावखुऱ्यांचा प्रश्न सर्वाधिक चर्चेत येतो तोही तिथेच.

गडबड नेमकी कुठे आहे?

जुन्या पद्धतीच्या रायफलीत घोडा आणि त्याची सगळी यंत्रणा, म्हणजे लॉक, नळीच्या उजव्या बाजूला असते. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो. म्हणजे आग एका बाजूला, चेहरा दुसऱ्या बाजूला, मध्ये नळी. डावखुऱ्याचं नेमकं उलटं होतं. त्याचा गाल उजव्या बाजूला टेकतो आणि आगही त्याच बाजूला.

चकमकीच्या रायफलीत हे सगळ्यात जास्त जाणवतं. घोड्यातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणग्या छोट्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे बारीक दारूवर पडतात, आणि तिची आग नळीच्या बारीक भोकातून आत जाते. त्याच भोकातून एक झोत बाहेरही येतो, सरळ उजवीकडे. डावखुऱ्याचा उजवा हात नळीला आधार द्यायला पुढे असतो, त्यामुळे बाही किंवा मनगटावरचे केस होरपळायची शक्यता असते.

त्याहून मोठी अडचण मनाची. रंजक पेटणं आणि गोळी सुटणं यांत क्षणभराचं अंतर असतं. तेवढ्यात डोळ्यांसमोर भडका उडाला की माणूस दचकतो, आणि तो दचकला की नेम गेलाच. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो.

तांब्याच्या टोपीवर चालणाऱ्या रायफलीत भडका कमी असतो. टोपीचे तुकडे उडू शकतात, पण घोड्याचं तोंड खोलगट असल्याने बरेचसे आतच अडकतात. त्यामुळे संरक्षक चष्मा घालून उजव्या बाजूची टोपीची रायफल चालवणारे डावखुरे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं चांगलं चालतं. चकमकीच्या बाबतीत मात्र डाव्या बाजूचं लॉक असलेली रायफल शोधलेलीच बरी. चष्मा दोन्हीकडे हवाच, मग हात कोणताही असो.

पण आधी डोळा तपासा

लिहिणारा हात डावा म्हणजे नेमाचा डोळाही डावाच, असं नसतं. दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच दिसत राहते, तो नेमाचा डोळा. तो उजवा निघाला तर उजव्या खांद्यावरून शिकून पाहणं शहाणपणाचं. असंही ठासणीच्या रायफलीत एक गोळी झाडली की पुन्हा सगळं भरावं लागतं, त्यामुळे झटपट हालचालींची सवय मोडायचा प्रश्न फारसा येत नाही.

बाजारात काय मिळतं?

सगळ्यात सोपी वाट म्हणजे इनलाइन रायफल. टोनी नाइट या अमेरिकन कारागिराने १९८५ मध्ये आणलेल्या एमके-८५ नंतर हा प्रकार लोकप्रिय झाला. यात आग नळीच्या थेट मागे, मधोमध लागते, त्यामुळे डावं-उजवं राहतच नाही. त्यातही नळी मोडून उघडणारी रायफल घ्यावी. घोड्याला लावायचा छोटा खुंट बहुतेक मॉडेलांत कोणत्याही बाजूला बसवता येतो. बोल्ट असलेली इनलाइन मात्र पुन्हा उजव्या हाताचीच निघू शकते.

जुन्या धाटणीची हवी असेल तर पर्याय कमी आहेत. थॉम्पसन सेंटरची हॉकेन आणि लायमनची ग्रेट प्लेन्स या रायफली डाव्या हातासाठीही निघाल्या होत्या. त्या आता जुन्या बाजारात धुंडाळाव्या लागतात. फक्त लॉक पाहून भुलू नका. गाल टेकवायचा उंचवटा दस्त्याच्या उजव्या बाजूला आहे का, आणि दस्ता उजव्या हाताच्या माणसासाठी किंचित बाहेर वळवलेला तर नाही ना, हेही पाहा. तसा दस्ता डावखुऱ्याच्या गालावर आदळतो आणि डोळा नेमाच्या रेषेत येत नाही.

तिसरा प्रकार गमतीचा आहे. यात घोडा नळीच्या खाली असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्येकडे, व्हरमाँटसारख्या राज्यांत, अशा रायफली बनत. दोन्ही हातांना सारख्याच, आणि चेहऱ्यासमोर काहीच नाही. आज त्या सहज मिळत नाहीत, एवढंच.

नियम वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

इनलाइन सोपी खरी, पण प्रत्येक हंगामात चालत नाही. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर सुरू होणारा हंगाम चकमकीच्या बंदुकांसाठीच राखीव आहे. आयडाहोत ठासणीच्या खास हंगामात पेटवण्याची जागा उघडी दिसणारी लागते आणि इनलाइनमध्ये सर्रास वापरला जाणारा २०९ क्रमांकाचा प्रायमर चालत नाही. अशा ठिकाणच्या डावखुऱ्याला डाव्या लॉकसाठी जास्तीचे पैसे मोजणं परवडतं, कारण दुसरी वाट तोंडासमोर भडक्याची आहे.

जुनी रायफल घेताना ती भरलेली नाही ना, हे सर्वात आधी तपासा. टोपी लावलेली नाही किंवा वाटीत रंजक नाही, याची खात्री करून नळीच्या तोंडासमोर न येता गज आत सोडायचा, तोंडाशी बोट धरून खूण करायची आणि मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहायचा. खूण नळीच्या तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक पेटण्याच्या भोकाच्या बऱ्याच अलीकडे थांबलं तर आत काहीतरी ठासलेलं आहे. अशा रायफली वर्षानुवर्षं भरलेल्या अवस्थेत कपाटात पडून राहतात आणि विकणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

आणि डाव्या लॉकची रायफल घेऊन रेंजवर गेलात तर रांगेत डावीकडच्या टोकाला उभे राहा. भोकातला झोत आता डावीकडे निघतो, आणि एरवी त्या बाजूच्या शेजाऱ्याला त्याची अपेक्षा नसते.