कापसाचे वाफे आणि जनुकांच्या याद्या



इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले की सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर येथेच आहे व तीत जैवविज्ञानाचाही विभाग आहे. पेशीतील हजारो जनुकांपैकी कोणती अधिक कार्यरत झाली, कोणती मंदावली, यांच्या याद्या आज अशा विभागांतून तयार होतात. त्यांचा अर्थ लावण्याची विद्या नवी आहे. तिच्या मुळाशी असलेली शंका मात्र इंदूरला फार पूर्वीपासून परिचित आहे.

अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इंदुरास वनस्पती-उद्योग संस्था उभारली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे इंदूरचे नाव कंपोस्ट खताशी कायमचे जोडले गेले. पुढचा अध्याय मात्र आपण जवळजवळ विसरलो. १९३३ ते १९३७ या काळात जोसेफ हचिन्सन हे आनुवंशिकीतज्ज्ञ तेथे कापसावर काम करीत होते, व्ही. जी. पानसे हे त्यांचे सहकारी. एखाद्या वाफ्यात कापूस अधिक आला, तर ते श्रेय वाणाचे की तेवढ्या तुकड्यातील मातीचे? या प्रश्नासाठी दोघांनी १९३७ मध्ये चाचणीची एक रचना मांडली. एका कुळातील संतती शेजारीशेजारी पेरावी. कुळांच्या जागा आणि कुळातील क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. प्रथम कुळाकुळांची तुलना करावी, मग कुळातील भावंडांची.

या विचारामागे रोनाल्ड फिशर यांचे संख्याशास्त्र होते. त्यांचीच एक कसोटी आज जनुकांच्या ‘कुळां’ना, म्हणजे एकाच जैवरासायनिक मार्गावर काम करणाऱ्या जनुकसमूहांना, लावली जाते. समजा, २०,००० जनुकांपैकी १,००० बदलली. १०० जनुकांच्या एखाद्या मार्गात निव्वळ योगायोगाने ५ बदललेली सापडावीत; सापडली १२. शोध लागलासे वाटते! पण त्या ऊतकात मुळात १०,००० जनुकेच कार्यरत असतील आणि या मार्गाची शंभरही त्यांत असतील, तर योगायोगाचीच अपेक्षा १० वर जाते. मग बाराचे अप्रूप ते काय? रक्तपेशींच्या नमुन्यात ‘प्रतिकारशक्तीचा मार्ग’ वारंवार सापडतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तुलना कोणाशी, हे आधी ठरले पाहिजे. इंदूरच्या वाफ्यांचा प्रश्नही हाच होता.

दुसरा फसवा भाग नावांचा. जपानमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या ‘केग’ या संग्रहात पार्किन्सन व हंटिंग्टन या रोगांच्या नावांचे नकाशे आहेत. दोहोंत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची अनेक जनुके समान आहेत. त्यामुळे निरोगी स्नायूच्या व्यायामाचा अभ्यास करणाऱ्यालाही यादीच्या शिरोभागी पार्किन्सनचे नाव दिसू शकते. त्याने रुग्ण शोधू लागावे काय? समान जनुके वगळून पाहिली, तर बहुधा ऊर्जानिर्मितीचा एकच मार्ग उरतो. शिवाय शेकडो मार्ग तपासले की काही केवळ नशिबाने वर येतात. त्यासाठी बेंजामिनी व हॉखबर्ग यांनी १९९५ मध्ये सुचविलेली दुरुस्ती लावतात, परंतु चुकीची तुलना तिने सुधारत नाही.

आणखी एक गोष्ट. यादी मोजते ती जनुकाच्या संदेशांची संख्या. त्यांपासून होणारे प्रथिन किती व कितपत क्रियाशील, हे निराळे. म्हणून मार्गाचे नाव वर आले की संशोधक ते प्रथिन मोजतो, एखादे जनुक निष्क्रिय करून परिणाम पाहतो. कापसाच्या पैदासकारालाही निवडलेले बी पुढच्या हंगामात पुन्हा पेरावे लागे.