ऊवा : अरण्याखालचा इतिहास

श्रीलंकेच्या आग्नेय भागात ऊवा नावाचा प्रांत आहे. त्याचे जिल्हे दोनच. बदुल्ला जिल्ह्यात थंड डोंगरउतारांवर चहाचे मळे आहेत. तेथून खाली उतरले की मोनरागलचा उष्ण, सखल मुलूख लागतो. या मुलखाचे जुने नाव वेल्लस्स, म्हणजे लक्ष भातखाचरांचा देश. आज मात्र तेथे दूरवर रान पसरले असून हत्तींचे कळप हिंडतात. ती खाचरे गेली कोठे?

1815 साली कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले आणि दोनच वर्षांत ऊवा पेटून उठला. बंड मोडण्यासाठी इंग्रजांनी धाडलेला केप्पेटिपोल हा प्रांताधिकारी स्वतःच बंडवाल्यांना मिळाला. 26 नोव्हेंबर 1818 रोजी कँडी येथे त्याचा शिरच्छेद झाला. त्याची कवटी विलायतेस नेण्यात आली. ती 1954 मध्ये मायदेशी परतली. परंतु खरा सूड उगवला गेला तो भूमीवर. गावे जाळली गेली, पिके व गुरे नष्ट झाली, तलाव फुटले. जेथे शेती नांदत होती तेथे रान माजले.

स्वातंत्र्यानंतर गल ओया नदीवर धरण झाले आणि 1954 मध्ये त्याच्या परिसरात राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. 1983 मध्ये मदुरू ओया हे दुसरे उद्यान घोषित झाले. तेथील धरणाचे काम चालू असता मातीखाली प्राचीन जलद्वार सापडले. आपण ज्याला आदिम अरण्य म्हणतो, त्याच्या पोटात असा मानवी उद्योग निजलेला असतो!

या उद्यानामुळे वेद्दा या आदिवासींची शिकारीची भूमी मात्र गेली. त्यांतील अनेकांना दुसरीकडे वसविण्यात आले. त्यांचे वृद्ध नायक तिसाहामी यांनी दंबान गाव सोडण्यास नकार दिला. 1998 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपल्या लोकांचा हक्क मागत राहिले.

1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर प्रांतांना निर्वाचित परिषदा मिळाल्या. उद्याने मात्र केंद्राच्याच खात्याकडे राहिली. ऊवाच्या परिषदेची 2014 साली निवडणूक झाली, 2019 मध्ये मुदत सरली, आणि पुढे कित्येक वर्षे राज्यपालांनीच कारभार पाहिला.

वन्य प्राण्यांचे रक्षण व्हावे, यात दुमत नाही. परंतु ज्या भूमीवरून माणसे एकदा तलवारीने आणि पुन्हा कायद्याने हटविली गेली, तिच्याविषयी निर्णय घेताना तेथील माणसाला विचारणे, एवढा धडा तरी ऊवाच्या इतिहासाने आपणांस द्यावयास हवा.